वृंदावनाभोवतीचं गवत

नवनाथचा आठवडा बागांवर चालायचा. सोमवार-मंगळवार चिंचवडचे बंगले, बुधवार आणि शुक्रवार प्राधिकरण, शनिवार सोसायट्यांचा आणि गुरुवार मोशीचा. गुरुवारी भोसरीकडच्या कंपन्यांना सुट्टी असते, त्यामुळे भाड्याच्या घरांतली माणसं घरी सापडतात, फाटकाला कुलूप नसतं आणि भिंतीवरून उडी मारून गवत कापायची पाळी येत नाही. दापोडीहून मोटारसायकलला मोठी कात्री, खुरपं आणि खताची पिशवी बांधून तो निघे आणि आठच्या आत कुसुमताईंच्या फाटकात हजर होई.

कुसुमताई मोशीच्या जुन्या शेतकरी घराण्यातल्या. वय बहात्तर, आवाज मात्र अजून बांधावरून हाक मारणारा. जिथं त्यांचं वावर होतं तिथं आता त्यांचा बंगला होता आणि मागच्या गल्लीत पाच रो-हाऊस, सगळी भाड्याने दिलेली. भाडेकरू म्हणजे कंपन्यांतले साहेब लोक. वर्ष-दोन वर्षं राहणार आणि बदली झाली की ट्रक बोलावून जाणार. त्यांच्या भरवशावर झाड सोडायचं नाही, हा कुसुमताईंचा कायदा होता. "मानसं भाड्याची असत्यात, झाडं न्हाई," असं म्हणून सहाही बागांची देखभाल त्यांनी नऊ वर्षांपूर्वी नवनाथच्या गळ्यात घातली. परभणीकडून कंपनीत कामाला आलेला आणि कॉन्ट्रॅक्ट संपल्यावर माळी झालेला हा गडी. त्याला पहिलं काम त्यांनीच दिलं, म्हणून तो त्यांना मावशी म्हणायचा आणि त्या त्याच्यावर मावशीच्या हक्काने ओरडायच्या.

संक्रांत होऊन आठ दिवस झाले होते. त्या गुरुवारी नवनाथ आला तेव्हा कुसुमताईंची सून साधना फाटकातच उभी होती. तिचे डोळे सुजलेले होते.

"नवनाथदादा, आता तुम्ही तरी सांगून बघा आईंना."

"काय झालं वहिनी?"

"हृदयाच्या तीन नळ्या बंद आहेत त्यांच्या. डॉक्टर दिवाळीपासून सांगतायत बायपास करा म्हणून. काल तर तोंडावरच म्हणाले, असंच ठेवलं तर हा महिना निघणं अवघड आहे. निरंजननं, पोटच्या मुलानं, अक्षरशः पाय धरले त्यांचे. पण ऐकतील तर शपथ!"

"का पण?"

"का म्हणजे? तुमची तुळस!" साधनाला रडता रडता हसू आलं. "रोज सकाळी मला वृंदावनापाशी नेतात आणि दाखवतात, बघ कशी डोलतीय. मामंजींच्या वेळी आधी तुळस गेली, मग ते गेले. म्हणतात, ही उभी हाय तोवर यमाची टाप न्हाई मला हात लावायची. मग दवाखाना कशाला? खरं सांगू का दादा, तुमच्या हाताला फार यश आहे. लोकांच्या तुळशी वर्षभर टिकत नाहीत आणि आमची तीन वर्षं हलली नाही."

नवनाथच्या हातात खताची पिशवी होती. तिच्या तळाशी, शेणखताखाली, ओल्या पोत्यात गुंडाळलेलं तुळशीचं एक रोप होतं, बोटभर कमी-जास्त नाही, अगदी वृंदावनातल्या तुळशीच्या उंचीचं. येता येता मागच्या गल्लीतून काढून ते त्याने आज बदलायला आणलं होतं. त्याने पिशवीचं तोंड मुठीत आवळलं.

आता हे गुपित सांगायलाच हवं. तुळस पाण्यावाचून मरते त्याहून जास्त भक्तीने मरते. रोजचा तांब्या, वर देवपूजेचं पाणी, दूध, हळद-कुंकू, साखर, आणि आल्यागेल्याने भक्तिभावाने घातलेला आणखी एक तांब्या. एवढा पाहुणचार कुठल्या मुळांना सोसणार? त्यात मावशी मंजिऱ्या खुडू द्यायच्या नाहीत. कुसुमताईंच्या वृंदावनातली तुळस गेल्या तीन वर्षांत पाच वेळा मेली होती, आणि पाचही वेळा नवनाथने ती कुणाला कळायच्या आत बदलली होती. पाच नंबरच्या रो-हाऊसमागे, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला, रंगाच्या रिकाम्या डब्यांत तो रोपं वाढवायचा. भाडेकरूला त्याचं काहीच पडलेलं नव्हतं. गुरुवारी मावशी आंघोळीला गेल्या की जुनी उपटायची, नवी लावायची, बुंध्याला जुनं कुंकू चोळायचं आणि सुकलेली माळ परत चढवायची. दहा मिनिटांचं काम.

हे सगळं कशासाठी? तर तीन वर्षांपूर्वी कुसुमताईंचे यजमान अर्जुनराव न्यूमोनियाने दवाखान्यात होते तेव्हा वृंदावनातली तुळस वाळून कोळ झाली. त्याच संध्याकाळी अर्जुनरावांना ॲम्ब्युलन्समधून घरी आणलं. डॉक्टरांनी हात टेकले, असं सगळी गल्ली म्हणाली. तिसऱ्या दिवशी ते गेले. दहाव्याला कुसुमताई त्या काड्यांकडे बघत म्हणाल्या होत्या, "तुळशीनं आधीच सांगितलं हुतं." ते वाक्य नवनाथच्या मनात कायमचं रुतलं होतं. कारण त्या पहिल्या तुळशीबद्दल त्याला एक गोष्ट ठाऊक होती, जी त्याने बायकोलाही सांगितली नव्हती. पुन्हा तुळस वाळलेली त्या बाईच्या नजरेला पडू द्यायची नाही, असं त्याने त्या दिवशी ठरवलं होतं. आणि आता तीच हिरवीगार तुळस मावशीच्या जिवावर उठली होती.

तो थेट वृंदावनापाशी गेला. सहावी तुळसही आता परतीच्या वाटेला लागली होती. खालची पानं पिवळी, शेंडे काळपट. थंडीने घाई केली होती. चार-पाच दिवसांत नुसत्या काड्या उरणार, हे त्याला बघताक्षणी कळलं.

कुसुमताई पायरीवर ऊन खात बसल्या होत्या. ओठ जरा निळसर वाटले त्याला.

"काय रं नवनाथा, तुळशीला काय बगतोस एवढं?"

"थंडीनं मार खाल्लाय, मावशी."

"काय हुत न्हाई तिला. बग आठ दिसांत कशी फुटती ती." त्यांनी त्याला हाताने उडवून लावलं. "तू जा, तीन नंबरचं लॉन काप. त्यो नवा साहेब फोटो काढून पाठवितोय, गवात गुडघ्याला लागलं म्हून."

नवनाथने लॉन कापलं, कुंपणाच्या मेंदीला आकार दिला, चार नंबरच्या कुंड्या उकरल्या, पण त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. शेवटी त्याने मनाशी हिशेब मांडला. तुळस हिरवी म्हणून मावशी दवाखान्यात जात नाहीत. मग तुळस वाळली तर जातील. घाबरतील, रडतील, पण जातील. साधी गोष्ट होती. काहीच करायचं नव्हतं, नुसतं बदलायचं थांबवायचं होतं. पिशवीतलं रोप त्याने परत नेऊन पाच नंबरच्या मागे रिकाम्या डब्यात लावलं. चार डबे झाले. पाणी घालताना त्याला फार हुशारी केल्यासारखं वाटलं. बिचारा!

पुढचा आठवडा त्याने कसा काढला ते त्यालाच ठाऊक. चिंचवडला एका बंगल्यात गुलाबाच्या डोळ्यावर कात्री मारायची ती कळीवरच मारली. फोन वाजला की साधनाचाच असेल, मावशींना ॲडमिट केलं म्हणून, असं वाटायचं. फोन आला नाही.

गुरुवारी तो आला. फाटकातून आधी वृंदावनाकडे बघितलं आणि तिथंच थबकला.

तुळस हिरवीगार होती. शेंड्यापासून बुंध्यापर्यंत भरलेली, एक पान पिवळं नाही. गळ्यात झेंडूची ताजी माळ, बुंध्याला कुंकू, पुढे तेवणारा दिवा.

नवनाथ पुढे झाला, मागे झाला, डोळे चोळून पुन्हा बघितलं. मेलेलं झाड चार दिवसांत असं उठत नाही. नऊ वर्षं मातीत हात घालणाऱ्याला हे कुणी सांगायला नको. अंगावर सरसरून काटा आला आणि क्षणभर त्याने खरोखर हात जोडले. मग त्यातला माळी जागा झाला. तो तसाच मागच्या गल्लीत धावला, पाच नंबरच्या मागे गेला. टाकीपाशी तीनच डब्यांत रोपं होती. चौथा रिकामा, आडवा पडला होता आणि जमिनीवर मातीचा ओघळ फाटकापर्यंत गेला होता.

तो परत वृंदावनापाशी आला आणि खाली वाकला. रोप लावणाऱ्याला लावायचं कसं ते नीट येत होतं. त्याच्यापेक्षा बरं. भोवती वांग्याला करतात तसं गोल आळं केलेलं, माती तळहाताने घट्ट दाबलेली. आणि त्या दाबलेल्या, आता वाळून कडक झालेल्या मातीत एका पाटलीची नक्षी उमटली होती. वेलबुट्टीची, जुन्या घडणीची. साधनाच्या हातात घड्याळ असायचं. असल्या पाटल्या या घरात एकाच हातात होत्या.

"उठ तिथनं," मागून आवाज आला. "आन् इकडं ये. हळू बोल."

कुसुमताई पायरीवर बसल्या होत्या. न्हालेल्या, धुवट पांढरं लुगडं नेसलेल्या, कपाळावर बुक्का. मांडीवर रो-हाऊसच्या किल्ल्या होत्या, पाचही वेगवेगळ्या रंगाच्या दोऱ्यांत ओवलेल्या. दोन वाक्यांमध्ये त्यांना थांबून श्वास घ्यावा लागत होता.

"साधना आत हाय. तिला कळता कामा नये. तुला कळलंच हाय तर ऐक. मंगळवारी पूजेला गेले तर तुळस गेलेली. नुसत्या काड्या. मी समाजले."

"काय समजल्या, मावशी?"

"काय म्हंजी? माजी येळ आली. त्यांच्या येळंला सांगितलं तसं मला बी सांगितलं तिनं." इतक्या शांतपणे, जणू उद्या पाहुणे येणार आहेत. "मग म्हनलं, पोरांनी बगितली तर घाबरत्याल. उचलून न्हेत्याल दवाखान्यात, आन् नळ्यांत घालून मारत्याल. मला माज्या घरात जायचंय. दुपारी साधना वर झोपली, तवा मागल्या गल्लीत गेले. पाच नंबरच्या मागं बगते तर काय, डब्यांत तुळशीच तुळशी! देवानंच ठिवल्या हुत्या माज्यासाठी. एक आनली. चार डाव बसले वाटेत, पन आनली."

 बंद नळ्यांचं हृदय घेऊन, मातीच्या गोळ्यासकट रोप उचलून, ही बाई एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत आली होती. नवनाथने ज्या रोपांना पाणी घातलं त्यातलंच एक घेऊन.

"मावशी, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला."

"येड लागलंय का तुला? हिरवी असताना दवाखाना कशाला, आन् वाळल्यावर दवाखाना कशाला?" त्या चक्क हसल्या. "मंगळवार, बुधवार, आज गुरुवार. तिसरा दिस. ते बी तिसऱ्याच दिशी गेले. बरं झालं तू आलास. तीन नंबरचं लिंबू फुलावर हाय, त्याला कात्री लावू नगंस. दोन नंबरच्या बाईला मोगरा पायजे, दे तिला एक. आन् ह्या किल्ल्या संध्याकाळी साधनाकडं दे. माज्या हातनं दिल्या तर तिला संशय यील."

करायला गेला काय आणि झालं काय! तिला घाबरवून वाचवायला निघालेला हा शहाणा, आणि ती घाबरायच्या ऐवजी आवरून, नेसून, तयार होऊन पायरीवर बसली होती.   नवनाथने तिथंच, पायरीपाशी, तिच्या पायांशी बसकण मारली.

"मावशी, ती तुळस कायी सांगत नसती. म्या बदलत होतो."

"काय बदलत हुतास?"

"तुळस. पाचदा वाळली तीन वर्सांत. पाचदा म्या नवी लावली. तुमी आंघोळीला गेल्या की लावायचो. त्या डब्यांतली रोपं माजीच हायेत. ह्या टायमाला बदलली न्हाई, म्हून तुमाला वाळलेली दिसली. तुमी घाबरून दवाखान्यात जावं म्हून म्या मुद्दाम सोडली, मावशी. एवढंच हाय. तिच्यात काय बी न्हाई."

 कुसुमताईंचे ओठ हलले, त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी त्याचे मातीचे दोन्ही हात धरून आपल्या कपाळाला लावले.

"पाच डाव!" त्या म्हणाल्या. "पाच डाव यम दारात आलता, आन् तू त्याला माघारी लावलास? आन् मला कदी बोलला न्हाईस? पोटच्या पोरानं केलं नसतं रं एवढं."

नवनाथने कपाळावर हात मारून घ्यायचाच बाकी ठेवला. कबुली द्यावी तर ही बाई त्याला देवच करायला निघालेली! श्रद्धा ही लव्हाळ्यासारखी असते. वरून कितीही उपटा, खाली गाठ शाबूतच. आणि या श्रद्धेची गाठ कुठं होती ते त्या अंगणात फक्त त्यालाच माहीत होतं. तिथपर्यंत खुरपं घातल्याशिवाय काही होणार नव्हतं. तीन वर्षं जपून ठेवलेलं आता सांगावंच लागणार होतं. ते सांगितलं की मावशी पुन्हा तोंडसुद्धा बघणार नाही, हेही त्याला दिसत होतं. कुसुमताईंनी छातीवर हात दाबला, श्वास घेतला, आणि त्याची भीड गळून पडली.

"मावशी, पहिली तुळस. मालकांच्या येळंची. ती बी मालकांमुळं वाळली न्हाई."

"मंग?"

"तुमी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. वृंदावनाजवळ औषध मारायचं न्हाई, फरशीच्या फटीतलं गवत हातानं काढायचं. दर गुरुवारी तास जायचा त्याच्यात. त्या गुरुवारी मला दोन बागा नव्या लागल्या होत्या. तुमी सगळे दवाखान्यात, घरी कुनी न्हाई. पाठीवर पंप होता, पंपात तणनाशक होतं. म्हनलं, एक डाव मारू, कुनाला कळतंय. वारं होतं, मावशी. उडालं तुळशीवर. आठ दिवसांत ती जळाली. वाळली न्हाई ती. म्या जाळली. एका तासासाठी."

बोलून झाल्यावर तो मान खाली घालून बसला. आता शिव्या येतील, चप्पल येईल, फाटक दाखवलं जाईल. त्यातलं काहीच आलं नाही. आत कुकरची शिट्टी झाली. मागच्या गल्लीत कुणीतरी सुट्टीची गाडी धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता.

"कुटल्या गुरुवारी?" कुसुमताईंनी विचारलं. आवाज ओळखू येऊ नये इतका बारीक झाला होता.

"मालकांना घरी आणलं, त्याच्या आदल्या."

"म्हंजी औषधानं गेली."

"व्हय."

"नक्की?"

"माज्या लेकरांची शपथ, मावशी."

त्यांनी वृंदावनाकडे बघितलं.  चेहऱ्यावरचा सगळा रंग उतरला, आणि नवनाथला वाटलं, गेलीच आता. तो अर्धवट उठला. त्यांनी हाताने त्याला खाली बसवलं.

"त्यांच्या येळंला डागदर म्हनला हुता, अजून आठ दिस मशीनवर ठिवू," त्या म्हणाल्या. "म्हनला, आज्जी, आशा हाय, ताप उतरतोय. निरंजन चाकनला गेलता कामाला. मी कापडं घ्यायला घरी आले. तुळस बगितली. माघारी गेले आन् सही केली."

"कसली सही?"

"आमी आमच्या मर्जीनं घरी न्हेतो, म्हून. म्हनलं, तुळशीनं सांगितलंय, आता कशाला त्या मानसाला नळ्यांत ठिवायचं. आपल्या घरात सुकानं जाऊ दे. निरंजनला म्हनले, डागदरनीच हात टेकले. गल्लीला बी त्येच सांगितलं. घरी आनल्यावर ते मला म्हनत हुते, कुसुम, मला दम लागतोय, परत न्हे. मी म्हनलं, हरी म्हना."

नवनाथ बधिर झाला. त्याला ऐकू येत होतं, पण ते आत जात नव्हतं. मग एकदम गेलं. तीन वर्षं त्याला वाटत होतं की आपण एक तुळस मारली.

त्याला ओरडावंसं वाटलं, उठून पळावंसं वाटलं, तिचे पाय धरावेसे वाटले. यातलं काहीही जमलं नाही.  तीन नंबरचा साहेब फाटकाशी येऊन "माळीभाऊ, आज लॉन?" असं विचारून गेला, आणि कुणीच उत्तर दिलं नाही म्हणून परत गेला.

"साधना!" कुसुमताईंनी हाक मारली. ती जुनी हाक नव्हती, पण आत पोचली. साधना हात पुसत बाहेर आली.

"गाडी काढ. डागदरला फोन लाव. आपरेशन करायचंय."

साधना जागच्या जागी उभी राहिली. तिने सासूकडे बघितलं, नवनाथकडे बघितलं, पुन्हा सासूकडे बघितलं. "आई? आत्ता?"

"आत्ता. निरंजनला परस्पर तिकडं बोलाव."

ती आत पळाली. फोनवरचा तिचा रडका, आनंदी आवाज बाहेर ऐकू येत होता. नवनाथला मात्र त्या आनंदाकडे तोंड करवेना. आपण जिंकलो की बुडालो, त्याला कळत नव्हतं.

"मावशी," तो कसाबसा म्हणाला, "मला माफ करू नका, पन…"

"गप." कुसुमताई भिंतीचा आधार घेत उठल्या. तो धरायला पुढे झाला, तर त्यांनी त्याचा हात बाजूला केला. "मगापसनं वाट बगत हुते मी. म्हनलं, आज भेट हुईल त्यांची. लुगडं नेसले, डोकं धुतलं. आता काय तोंड घिऊन जाऊ? ते दारातच हुभे असत्याल. इचारत्याल, कुसुम, एवढी घाई का केलीस? काय सांगू? फरशीतलं गवात मारत हुता माळी?" त्यांना धाप लागली. "मला न्हाई जाता यायचं एवढ्यात. चिरू दे त्यांना छाती. जेवढं लांबवता यील तेवढं लांबवू दे."

साधनाने गाडी फाटकाशी आणली. कुसुमताई एकेक पाऊल टाकत गेल्या, दार धरून थांबल्या आणि मागे वळल्या. वृंदावनाकडे त्यांनी बघितलंही नाही.

"दर गुरुवारी यायचं. मी असंन नसंन, यायचं. तुळस बदलायची न्हाई, वाळली तर वाळू दे. आन् त्या फटीतलं गवात," त्या म्हणाल्या, "हातानं काढायचं."

गाडी गल्लीच्या टोकाला वळली. किल्ल्यांचा जुडगा पायरीवरच राहिला होता, पाच रंगांचे दोरे उन्हात पडलेले. नवनाथने तो उचलून खिडकीत ठेवला. मग मोटारसायकलवरून खुरपं काढून आणलं आणि वृंदावनासमोर, फरशीच्या पहिल्या फटीपाशी तो खाली बसला. गवत फार नव्हतं, बोटभर होतं. त्याने खुरपं बाजूला ठेवलं आणि पहिली काडी चिमटीत धरून मुळासकट ओढली.